अंथरूण न धरायची सुई

‘तीन म्हटलं की टोचते हं,’ असं सांगून मी दोनला टोचायची. छत्तीस वर्षं सरकारचा पगार घेऊन मी हा उद्योग केला आणि तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता. लेकरू डोळे मिटून तीनची वाट बघत उभं असायचं, तोवर सुई आत जाऊन बाहेर. शिरूर अनंतपाळकडच्या एका शाळेत मात्र माझं पितळ उघडं पडलं. रांगेच्या मध्यावरची एक चिमुरडी मागच्यांना ओरडून सांगू लागली, ‘ही बाई दोनलाच टोचती! एकलाच पळा!’ मी पुढच्याला ‘एक’ म्हटलं आणि अख्खी पहिली दारातून, खिडकीतून बाहेर. गुरुजी त्यांना गोळा करत दुपारपर्यंत शिवारात फिरले.

मी आरोग्यसेविका. लोकांच्या भाषेत नर्सबाई, अजून खऱ्या भाषेत ‘शिष्टर’. जन्म उदगीरचा. वडील मोंढ्यात मापाडी होते, धान्य मापायचे. त्यांच्यामुळं असेल, मलाही माणूस बघितल्याबरोबर मापायची खोड होती आणि माझं माप बहुतेक वेळा चुकायचं. कडक इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, खांद्याला लशीचा निळा डबा. चालताना मी अशी मान ताठ ठेवायची, जसं काही अख्ख्या तालुक्याचं आरोग्य माझ्या अंबाड्यावर ठेवलंय. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिला मुद्दाम चुकीचा पत्ता सांगेन.

तिचे पराक्रम थोडक्यात सांगते. लस थंड ठेवायची असते, एवढं ट्रेनिंगमध्ये तिनं ऐकलं. दोन ते आठ डिग्री हा पुढचा भाग ऐकताना ती बहुतेक मैत्रिणीच्या साडीची किनार बघत होती. थंड चांगलं तर जास्त थंड अजून चांगलं, असं गणित करून तिनं बाटल्या थेट बर्फाला चिकटवून ठेवल्या. पुष्कळशा लशी अशा असतात की गोठल्या की मेल्या, पाण्यापेक्षा जास्त किंमत राहत नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी डबा उघडला, एक बाटली उजेडात धरून हलवली आणि म्हणाले, ‘सिस्टर, आईस्क्रीम छान झालंय. कुणाला वाढायचं?’

दुसरा पराक्रम चित्रकलेचा. खोकल्या-तापाचा विषाणू लोकांना समजावा म्हणून मी उपकेंद्राच्या भिंतीवर गेरूनं तो काढला. गोल, अंगभर काटे. खाली लिहिलं, ‘हा आपला शत्रू’. आठ दिवसांनी बघते तर उपकेंद्राच्या आजूबाजूचा सगळा धोतरा कुणीतरी मुळासकट उपटून टाकलेला. माझं चित्र म्हणजे हुबेहूब धोतऱ्याचं बोंड! गावानं बैठक घेऊन शत्रूचा बंदोबस्त केला होता. लोक किती अडाणी आहेत, असं मी डॉक्टरांपाशी रडगाणं गायले. ते एवढंच म्हणाले, ‘चित्र कुणी काढलं?’

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढची चूक गेली नाही, आणि ती मी रिटायर झाल्यावर, पिकल्या केसांनी केली, म्हणून तीच सांगायला बसलेय.

नोकरीची शेवटची वर्षं मुदखेडकडं गेली. आमचे मालक रेल्वेत, त्यामुळं घरही तिथंच झालं. ते गेले, मी रिटायर झाले, आणि सकाळी उठून कुणाला टोचायचं नाही म्हणजे काय करायचं, हे मला कळेना. तेवढ्यात नांदेडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी निरोप धाडला. म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लूच्या लशीचं शिबिर घ्यायचंय, दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. येता का?

फ्लूचं जरा सांगते, कारण हे मलाही लोकांना नीट सांगायला फार उशिरा जमलं. पडसं वेगळं. पडसं हा तीन दिवसांचा पाहुणा. नाक गाळतो, रुमाल भिजवतो, जातो. फ्लूचा ताप अंग मोडून टाकतो. धडधाकट माणूस आठ दिवस कण्हतो आणि उठतो. पण साठी-पासष्टीच्या पुढचे, अगदी लहान लेकरं, पोटुशा बाया, दमा, शुगर किंवा हृदयाचं दुखणं असलेले, यांच्यात तो छातीत उतरतो. लस घेतली म्हणजे तो शिवतच नाही, असं नाही. शिवला तरी पुष्कळांना तो जिवावरचं करत नाही. अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि आपल्याकडं पावसात हा ताप वाढतो, म्हणून डॉक्टर मे महिन्यात टोचायला लावतात. आणि हा विषाणू दरसाल थोडं रूप पालटतो, म्हणून लसही दरसाल नवी घ्यावी लागते.

आता एवढं सगळं ऑटोवरच्या भोंग्यातून कसं सांगणार? डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, सोपं नाव द्या.’ मी दिलं. भोंग्यावर माझाच आवाज होता: ‘सर्दीची सुई! साठीच्या पुढच्या सर्वांनी सर्दीची सुई घ्यावी!’

नाव एवढं चाललं की शाळेची पडवी भरून गेली. त्यात आमच्या गल्लीतली सुंदराबाई होती. वय बहात्तरच्या आसपास, तिला विचारलं तर ‘लई’. गावाबाहेर त्यांचं फुलांचं रान, मोगरा आणि गलांडा. जन्म फुलं तोडण्यात आणि चुलीपुढं गेला, आणि चुलीच्या धुरानं छातीला दमा लावून दिला. मुलगा गंगाधर, सून, नातू, नातसून असं भरलं घर. नवरा जाऊन बावीस वर्षं झालेली. अंगानं चिपाड, पण तोंड असं की भाजीवाले तिला बघून भाव आधीच उतरवायचे.

सुंदराबाईनं दंड पुढं केला तो लाकडासारखा ताठ. मी दोनला टोचलं. ताठ दंडात सुई गेली की जास्त दुखतं. तिचा हात दोन दिवस ठणकला. ते चाललं असतं. पण आठव्या दिवशी तिचं नाक गळायला लागलं.

‘ऐका व माय!’ गल्लीच्या नळावर तिचं भाषण सुरू झालं. ‘शिष्टरनं सर्दीची सुई दिली अन् मला सर्दीच झाली. आधी न्हवती. म्हंजे आली कुठून? सुईतूनच आली की!’

मी घागर तिथंच ठेवून समजावायला गेले. ‘सुंदराबाई, ही जी लस आहे तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिनं सर्दी होत नाही.’

‘मग नाव कामून तसं ठिवलंस?’

मी घागर उचलून घराकडं वळले. मापाड्याच्या पोरीनं पोत्यावर दुसऱ्याच धान्याचं नाव लिहिलं होतं.

पुढच्या मे महिन्यात भोंगा फिरला, गल्लीतून एकही म्हातारी आली नाही. सुंदराबाई येणाऱ्यांना कोपऱ्यावरच परत फिरवत होती. मी तिच्या दारात गेले तर म्हणाली, ‘नगं बाई. सर्दी मला फुकटची व्हती की, त्याच्यासाठी टोचून कामून घ्यू?’ सगळ्या ओट्यावर हशा. मीही हसले आणि परत आले. मनात म्हटलं, मर म्हातारे. असं मी मनात म्हटलं हे लिहायची लाज वाटते, पण म्हटलं होतं.

त्या भादव्यात तिला ताप आला. पहिल्या दिवशी अंगदुखी, तिसऱ्या दिवशी धाप, चौथ्या दिवशी गंगाधरनं तिला पाठुंगळी घेऊन गाडीत घातलं आणि नांदेडला नेलं. घशातला नमुना तपासला, फ्लूच निघाला. अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. मी भेटायला गेले तेव्हा तिनं नाकावरचा मास्क बाजूला केला. बोलायला लागली, पण दर दोन शब्दांना थांबावं लागत होतं.

‘तू... आलीस व्हय.’ श्वास. ‘बस... माय.’ श्वास. ‘चहा...’

आणि पुढचं बोलताच आलं नाही. जी बाई नळावर सबंध गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची, तिला ‘चहा घे’ पुरं करायला हवा मिळत नव्हती. मी तिचा मास्क नीट बसवला आणि जिन्यात जाऊन रडले. ही भाबडी म्हातारी माझ्या नावाला भुलली होती. नाव मी ठेवलं होतं.

ती घरी आली. घरी पाठवताना डॉक्टरांनी गंगाधरला बाजूला घेऊन सांगितलं, यांची छाती आता फार नाजूक झालीय, असा ताप परत आला तर ती सोसेल असं वाटत नाही. मे महिना जवळ आला तसा गंगाधर माझ्या दारात येऊन उभा राहिला. ‘शिष्टरबाई, ह्या साली तिला सुई द्याच. काय बी करा.’ मी म्हटलं, ‘आई ऐकत नाही तुझी.’ तर म्हणाला, ‘आमचं कुनाचंच ऐकत न्हाई. पर तुमच्यावर चिडती तर निदान. चिडल्यावर मानूस जरा ऐकतंय.’

आता हाजराबीचं सांगते. हाजराबी मुदखेडची बांगडीवाली. मन्यारांच्या घरातली, सासूकडून हे काम आलेलं. सत्तरी ओलांडली तरी डोक्यावर पदर, डोळ्यांत सुरमा, आणि बोटं अशी मऊ की लोण्यात ठेवल्यासारखी. तिसऱ्या वर्षीच्या शिबिरात तिनं सगळ्यांत आधी येऊन सुई घेतली. सुई घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, कुणाला काही त्रास झाला तर कळावं म्हणून. त्या अर्ध्या तासात तिनं मला दहा-बारा जणांना टोचताना बघितलं. मग उठून माझ्या टेबलापाशी आली.

‘शिष्टर, बुरा नक्को मानू. तुझं हात धरायचं चुकतंय.’

माझ्या छत्तीस वर्षांना असं कुणी बोललं नव्हतं. ‘काय चुकतंय?’

‘तू हात धरत नै. पकडती. चोर पकडल्यावानी.’ तिनं माझाच हात घेतला. तळवा आपल्या तळव्यावर ठेवला, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबलं आणि विचारलं, ‘पोरगी कुठं दिली तुझी?’ मी सांगितलं, लातूरला. ‘लेकरं?’ मी नातवंडांचं सांगत बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘हात बघ.’ खांद्यापासून हात दोरीसारखा लोंबत होता. मला कळलंच नव्हतं. आणि दुसरंही एक तेव्हाच कळलं. मालक जाऊन चार वर्षं झाली होती. मला कुणी असं हाताला धरून इकडचंतिकडचं विचारलं नव्हतं.

हाजराबी हे जन्मभर करत आलेली. घट्ट बांगडी गाठीवरून सरकवायची तर हात सैल लागतो, आणि माणसाला ‘हात सैल सोड’ म्हटलं की तो अजून आवळतो. म्हणून ती बोलण्यात गुंतवते. बाई लेकीच्या सासरचं सांगायला लागली की बांगडी पार. ‘लोगां को बोलता रखने का,’ म्हणाली, ‘हात अपना आप आता.’

त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. ती हात धरायची, मी टोचायची. म्हाताऱ्यांना सुई गेलेली कळेना. ‘झालं?’ म्हणून विचारायच्या. मला माझ्या दोनच्या युक्तीची इतकी लाज वाटली म्हणता! चारेक बायकांचे डोळे भरून आले, तेव्हा मी घाबरून विचारलं, दुखलं का? हाजराबीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मागाहून म्हणाली, ‘बेवा औरतां हैं. मालक गेला की चुड्या गेल्या, चुड्या गेल्या की मन्यारणी आली नै. इनका हाथ कौन पकड्या इतने साल?’ म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या बायांचा हात नवरा गेल्यापासून कुणी प्रेमानं हातात घेतलाच नव्हता. लशीच्या एवढ्या वर्षांत ही गोष्ट मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितली नव्हती.

पुरुष तिच्याकडं हात द्यायला लाजायचे, त्यांना मी एकटी सांभाळायची. एक किसनराव माळकरी आले. कानाशी वाकून विचारतात, ‘लशीत अंडं असतंय म्हंतेत. खरं का?’ तरुणपणची मी ‘छे हो’ म्हणून टोचून मोकळी झाली असती. पण एका खोट्या नावानं काय होतं ते बघून झालं होतं. मी खरं सांगितलं: लशीतला विषाणू अंड्यात वाढवतात, मग गाळून साफ करतात. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. किसनराव गळ्यातली माळ चाचपत बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. पाऊण तासानं आले. ‘औषध हाय, जेवन न्हाई. टोचा. पर आमच्या भजनी मंडळाला सांगू नका.’ त्यांच्या मागं उभ्या असलेल्या तिघांनीही दंड पुढं करून कानात तेच सांगितलं: ‘मंडळाला सांगू नका.’ चौघं एकाच मंडळातले.

त्याच दुपारी चहा पिताना मी हाजराबीला सुंदराबाईची सगळी हकिकत सांगितली. भोंगा, सर्दी, ऑक्सिजन, सगळं. तिनं बशी खाली ठेवली.

‘सर्दी की सुई कायकू बोली तू? लोगां सर्दी को डरते क्या? डरते किसको?’

‘कशाला?’

‘पलंग को! पलंग पकडने को डरते. अंथरूण धरलं की संपलं, हे सबको मालूम. तो बोल, पलंग नै पकडने की सुई.’

अंथरूण न धरायची सुई. छत्तीस वर्षं नोकरी, दोन मेडल, आणि हे नाव मला एका बांगडीवालीनं चहाच्या बशीवरून द्यावं लागलं. सर्दी होईल, तापही येईल, पण अंथरूण धरायची वेळ येऊ नये, यासाठी ही सुई. यात एक शब्द खोटा नव्हता. भोंगा दुसऱ्या दिवसापासून बदलला.

सुंदराबाई अर्थातच शिबिराला आली नाही. पण तिची नातसून पूजा आठव्या महिन्यात होती, डॉक्टरांनी तिलाही ही लस सांगितली होती. पोटुशा बाईला दिली की जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने तिचा आधार मिळतो. आणि माहेरी जाण्याआधी पूजाला हिरवा चुडाही भरायचा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो: डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन हाजराबी, खांद्याला निळा डबा घेऊन मी, आणि औषधांची बॅग घेऊन डॉक्टर. डॉक्टर गंगाधरबरोबर ओट्यावर बसले, आम्ही आत.

सुंदराबाई भिंतीला टेकून बसली होती. चालत न्हाणीपर्यंत गेली तरी धाप लागायची.

‘आली... टोळी,’ म्हणाली.

हाजराबीनं तिच्याकडं बघितलंही नाही. पूजाचा हात घेतला, चुडा भरला, गप्पा चालूच. चुडा भरून झाल्यावर मी पूजाला दंडात टोचलं, ती हाजराबीला बाळाची नावं सांगत होती. सुंदराबाई सगळं टक लावून बघत होती. मग हाजराबी सरकत तिच्याजवळ गेली आणि हात पुढं केला.

‘दे, सुंदराक्का.’

सुंदराबाईनं हात पदरात ओढून घेतला. ‘माझ्या हातात... काय भरतीस माय. रिकामा हात हाय.’

‘भरायचं नै. धरायचंय.’

पूजा बांगड्या वाजू नयेत म्हणून हात धरून बसली. सुंदराबाईनं हळूच हात बाहेर काढला. मोगरा तोडून काळी पडलेली बोटं. हाजराबीनं तळवा तळव्यावर घेतला आणि म्हणाली, ‘तुझ्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरलेला. मी पाटी धरून बाजूला व्हते. नवी नवरी व्हते मी बी. तू लई रडलीस तेव्हा.’

‘रडले... न्हवते.’

‘रडलीस. नाक बी गळत व्हतं.’

सुंदराबाई खुदकन हसली. ‘सर्दी... झाल्ती,’ म्हणाली, ‘तवा... शिष्टर न्हवती तरी.’

तिचा हात खांद्यापासून सैल पडला होता. माझी सिरिंज भरलेली होती. खरं सांगते, माझ्यातली ती कडक इस्त्रीची बाई उठून बसली. म्हणाली, आत्ताच! कळणार नाही तिला! गंगाधर दुवा देईल! माझा हात निघालाही होता. नशीब माझं, तिच्या दंडाकडं बघता बघता माझी नजर तिच्या तोंडाकडं गेली. ती माझ्याकडंच बघत होती. मी काय करते ते बघत होती.

मी सिरिंज खाली घेतली. ‘सुंदराबाई, टोचू का?’

‘आधी सांग. सर्दी... व्हईल का?’

‘होईल. सर्दीचा हिचा काही संबंध नाही. ते नाव माझी चूक होती.’

‘ताप?’

‘येऊ शकतो.’

‘मग घ्यू... कशाला?’

‘अंथरूण धरू नये म्हणून. दवाखान्यात परत जाऊ नये म्हणून. हमी देत नाही. पण घेतली तर बरी राहशील, असं मला वाटतं. आणि मला तू राहायला पाहिजेस.’

शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही. सुंदराबाईनं दुसऱ्या हातानं दंडावरचा पदर मागं सारला. मग म्हणाली, ‘पहिल्यांदा... खरं बोललीस बग. टोच.’ आणि हाजराबीला म्हणाली, ‘तू... सोडू नगंस.’

मी मोजलं नाही. सांगितलं, ‘आता टोचते,’ आणि टोचलं. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो. हाजराबीनं तो अर्धा तास तिचा हात सोडला नाही.

गल्लीतल्या नऊ म्हाताऱ्या पुढच्या दोन दिवसांत आपणहून आल्या. एक येऊ शकली नाही. चंद्रभागाबाई आदल्या वर्षीच्या पावसातच गेली होती, घरच्या घरी, पाच दिवसांच्या तापानं. तिची तपासणी झाली नव्हती, त्यामुळं तो फ्लूच होता असं मी म्हणू शकत नाही. नव्हता असंही म्हणू शकत नाही. सुंदराबाईनं कोपऱ्यावरून परत फिरवलेल्यांत ती होती, आणि फिरवायचं निमित्त माझं होतं.

त्या वर्षीही भादव्यात ताप आलाच. घरोघरी कण्हणं सुरू झालं. पूजा दोन महिन्यांची पोर घेऊन नुकतीच माहेराहून आली होती, आणि त्याच आठवड्यात सुंदराबाईचं अंग तापलं. नांदेडला नमुना गेला. तोच फ्लू.

ती स्वतःहून मागच्या खोलीत जाऊन बसली. तोंडाला पदर, वर मास्क. पणतीला तिनं दारातूनही जवळ येऊ दिलं नाही. डॉक्टर येऊन बघून गेले, लगेच औषध सुरू केलं, आणि ऑक्सिजन खाली आला तर ताबडतोब नांदेडला न्या, असं सांगून गेले. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायला जायची. आकडा दिसेपर्यंत जे दोन-तीन क्षण जातात, ते मी आयुष्यात कुठल्या निकालासाठी मोजले नाहीत. गाडी दारात उभी होती. गंगाधर बूट घालूनच जेवायचा. हाजराबी रोज दुपारी येऊन खिडकीबाहेर बसायची आणि गजांतून काहीबाही बोलत राहायची.

पहिला दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या रात्री ताप चढला, पण आकडा खाली आला नाही. चौथ्या दिवशी घाम फुटला. सुईनं तारलं, औषधानं, की तिच्या चिवट हाडांनी, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत आणि मीही सांगणार नाही. गाडी मात्र दारातून हलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. फोन वाजला. पिठाच्या हातानं उचलला.

‘अगं ए शिष्टर, आग लागो तुझ्या सुईला, चार दिस ताप काढला मी, तोंडाची चव गेली, पणती दोन म्हैन्याची झाली अन् मी तिला एकदा बी मांडीवर घेतली न्हाई, ती पूजा मला बिनमिठाची पेज घालून राहिली, तो गंगाधर बूट घालून घरात हिंडून राहिला, अन् तू येतीस, बोटाला चिमटा लावतीस अन् तोंड पाडून जातीस, जशी काय मीच मेले, एक दिस तरी ठेचा आणलास का, मिरची आणलीस का...’

ती कुठंच थांबत नव्हती. एका दमात चाललं होतं सगळं. मी तव्यापुढं उभी राहून फोन कानाला गच्च दाबला आणि तिनं थांबू नये म्हणून मधूनमधून नुसतं ‘हूं’ म्हणत राहिले. भाकरी करपली. तिची शिवी अजून चालूच होती.